‘नुसतं खेळवतात’ अशी तक्रार असेल, तर बालवाडीत नेमकं काय बघायचं?

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा आहे, ज्युनियर केजीत. त्याच्या बालवाडीत वही-पेन्सिल नाही. गाणी, गोष्टी, माती आणि खेळ. जाऊबाईंची मुलगी त्याच्याच वयाची. ती ए टू झेड लिहिते आणि शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते. घरात रोज ‘फी कशाची भरता?’ असं ऐकावं लागतं. पुढे पहिलीच्या प्रवेशाला अडेल का? आत्ताच शाळा बदलू का?

उत्तर:

वही नाही एवढ्याच कारणावरून शाळा बदलू नका. पण ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी आहे म्हणून डोळे मिटून तिथंच ठेवा, असंही मी म्हणणार नाही. मी बरीच वर्षं बालवाडी चालवली, आता अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं घेते. खेळाचं नाव घेणाऱ्या शाळा दोन जातीच्या असतात. एकीत खेळ म्हणजे ताईनं आदल्या दिवशी विचार करून मांडलेलं काम असतं, दुसरीत खेळ म्हणजे ताईची विश्रांती असते. गेटाबाहेरून दोन्हींचा गलका सारखाच ऐकू येतो. तुमची कोणती, ते आत जाऊन तासभर बसलात तर कळेल. त्याकडे येतेच, आधी जाऊबाईंच्या मुलीचं बघू, कारण घरातला त्रास तिथून सुरू झालाय.

अंक म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. एकदा घरी करून बघा. चिंचोके घ्या, सात मांडा आणि विचारा, ‘किती?’ मूल बोट लावत सातपर्यंत जाईल. लगेच पुन्हा विचारा, ‘म्हणजे एकूण किती आहेत?’ पुष्कळ मुलं परत एकपासून सुरुवात करतात, कारण शेवटी म्हटलेला ‘सात’ हाच सगळ्यांचा आकडा, हे अजून डोक्यात बसलेलं नसतं. ज्याचं बसलंय, त्याच्यासमोर तेच सात चिंचोके जरा लांब लांब पसरवा. ‘आता?’ तो म्हणेल, ‘आता जास्त झाले.’ तुम्ही एकही वाढवलेला नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी म्हणेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारातली ही गंमत नोंदवली, त्याला आता कित्येक दशकं झाली. यात मुलाचं काही बिघडलेलं नाही, त्या वयाचा विचारच तसा चालतो. तो पुढे सरकतो तो वस्तू हाताळून, वाटून, कमी पडल्यावर आणायला उठून. डबा खाताना ‘प्रत्येकाला एक वाटी दे’ असं सांगावं आणि मुद्दाम एक वाटी कमी ठेवावी. सातवा मुलगा ‘मला नाही मिळाली’ म्हणून ओरडतो, वाटणारा उठतो, एकच आणायची की दोन याचा विचार करतो आणि एकच घेऊन येतो. बेरीज-वजाबाकीचा पाया तिथं पडतो. ‘१ ते १००’ दहा वेळा लिहून काढल्यानं तो पडत नाही.

मराठीतलं पाठांतर तर आणखी फसवं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ म्हणताना पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि त्यातून एक कमी धरायचा. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी जोड दिली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूला असा, पण सात वर्षांच्या मुलांना जड जातं म्हणून ज्या गोष्टीवर चर्चा झाली, ती चार वर्षांच्या मुलीनं म्हणून दाखवली तर तिचं पाठांतर चांगलं आहे एवढंच त्यातून कळतं. तिचं कौतुक जरूर करा. तुलनेला मात्र ते उपयोगाचं नाही.

अंकांसाठी सर्वात स्वस्त साधन म्हणजे फासा, सोंगटी आणि घरांची पट्टी. अमेरिकेत रमाणी आणि सीग्लर या संशोधकांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंक लिहिलेल्या सरळ पट्टीवर सोंगटी पुढे नेण्याचा खेळ दिला. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, बस. तेवढ्यानं त्यांची अंकांची समज वाढली. अंकांऐवजी रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांची वाढली नाही. म्हणजे खेळलं की आपोआप गणित येतं असं नाही. त्या खेळात अंक कुठेतरी ठेवलेला असावा लागतो. चांगल्या ताईचं कौशल्य हेच.

आता लिहिण्याचं. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात आणि मग वर्षानुवर्षं एकेक करून पक्की होत जातात. चौथ्या वर्षी सगळी झालेली नसतात. हाताचा पंजा, खांदा, बोटांच्या चिमटीची ताकद, सगळंच अजून घडत असतं. अशा हाताला दोन रेघांत अ-आ कोंबायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यापासून जोर लावतं, कागद फाटेस्तोवर दाबतं. पुढे तीच पकड सवयीची होते आणि तिसरी-चौथीत ‘फार हळू लिहितो, हात दुखतो म्हणतो’ अशी तक्रार घेऊन पालक येतात. देवनागरी काही सोपी लिपी नाही. तिला गाठी आहेत, अर्धगोल आहेत, काने-मात्रा आहेत. म्हणून बालवाडीत आधी उभी रेघ, आडवी, तिरपी, गोल, अर्धगोल हे मोठ्ठ्या आकारात करून घेतात: फरशीवर खडूनं, वाळूत बोटानं, भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं. नंतर अक्षरं घेताना ग, म, भ, न अशी आकारानं जवळची एकत्र घ्यायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

मातीचा गोळा मळणं, मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, फुलं ओवणं, कात्रीनं कागदाच्या झिरमिळ्या कापणं हा लिहिण्याचाच सराव. तुमच्या मुलाच्या बालवाडीत माती आहे म्हणालात, ती नक्की कशी वापरतात ते बघा. मुलं चकल्या, साप, गणपती करताहेत तर उत्तम. बरणीत वाळून दगड झालेला एक गोळा फडताळावर आहे, तर ती माती फक्त माहितीपत्रकापुरती.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, पण माझ्या मते पहिलीत मूल टिकणार की रडणार हे तिच्यावर जास्त ठरतं. ती म्हणजे स्वतःला आवरणं. तळ्यात-मळ्यात घ्या. ताई ‘मळ्यात’ म्हणते तेव्हा पाय आपसूक उडी मारायला निघतो, पण मूल आधीच मळ्यात असेल तर त्याला तो रोखून धरावा लागतो. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये कान लावून ऐकावं लागतं की शिवाजी म्हणाला का ताई नुसतीच म्हणाली. ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये गोलात पाठ न वळवता बसून राहायचं, आणि आपल्यामागे पत्र पडलं की क्षणात उठायचं. उत्तेजित असताना थांबणं, नियम डोक्यात ठेवणं, नियम बदलला की आपणही बदलणं, हे याच वयात झपाट्यानं वाढतं. ‘गप्प बस, हाताची घडी’ म्हणून बसवलेलं मूल गप्प बसतं खरं, पण तिथं आवरणारी ताई असते. ताई बाहेर गेली की वर्गाचं काय होतं ते आपण सगळ्यांनीच आपापल्या शाळेत अनुभवलंय.

भातुकलीबद्दल थोडं लांबण लावते, कारण ‘वेळ घालवतात’ हा आरोप सर्वात जास्त तिच्यावर होतो. मध्यंतरी एका अंगणवाडीत बघत बसले होते. कोपऱ्यात दुकान मांडलं होतं: रिकामे डबे, बाटल्यांची झाकणं, पुठ्ठ्याचा मोबाइल. गिऱ्हाईक झालेली मुलगी म्हणाली, ‘दोन साबण, एक चहा पावडर.’ दुकानदारानं कागदावर खडूनं नागमोडी रेघोट्या ओढल्या, बिल फाडलं आणि वाचून दाखवलं, ‘दहा रुपये झाले.’ तिनं पुठ्ठ्याचा मोबाइल डब्यासमोर धरला. दुकानदार हटून बसला: ‘आवाज नाय आला. पैसे नाय आले.’ मग पलीकडे बसलेल्या तिसऱ्यानं जाड आवाज काढला, ‘फोनपे पर दस रुपये प्राप्त हुए’, तेव्हा कुठे साबण मिळाला.

आता यात काय काय झालं बघा. कागदावरच्या खुणा म्हणजे बोललेलं काहीतरी, त्या परत वाचता येतात, हे त्या दुकानदाराला कळलंय. अक्षरओळखीच्या आधीची ही पायरी, आणि ती गाळून शिकवलेली अक्षरं नुसत्या आकृत्या राहतात. दोन साबण म्हणजे दोनच डबे उचलले गेले. पैसे आल्याशिवाय माल द्यायचा नाही हा नियम त्यानं स्वतः धरला आणि इतरांनी मानला. तिसऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्यानं अडचण ओळखून आपली जागा शोधली. आणि एरवी घरी ‘हा बोलतच नाही’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो हाच तिसरा. सेविकेनं त्या वेळी मध्ये पडून ‘बिल नीट लिही, असं असतं का बिल?’ म्हटलं असतं तर खेळ तिथंच मोडला असता. तिनं दुसऱ्या दिवशी तिथं जुनी खरी बिलं आणि एक तराजू आणून ठेवला. खेळात तिचा हात एवढाच, पण एवढा हवाच.

घरी कुणी ‘ही सगळी परदेशी फॅडं’ म्हणालं तर त्यांना कोसबाडची गोष्ट सांगा. ताराबाई मोडक यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं होतं. माँटेसरी पद्धत त्यांना माहीत होती, आणि तिची साधनं महाग असतात हेही. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम करायला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं. तिथं मणी आणि लाकडी ठोकळे कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबूचे तुकडे हीच साधनं झाली. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. जी मोठी पोरं गुरं चारायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली, त्याच्या कितीतरी आधी हे आपल्याकडे झालं होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानं तीन ते आठ वर्षांसाठी खेळ हाच मार्ग सांगितला, तेव्हा जुन्या बालवाडीताईंना त्यात नवं फारसं वाटलं नाही. त्या आराखड्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तिथं खेळ तीन प्रकारचा सांगितलाय: मुलांचा मुक्त खेळ, ताईनं वाट दाखवलेला खेळ, आणि ताईनं नियम घालून घेतलेला खेळ. तिन्ही रोज हवेत. नुसत्या पहिल्यावर भागत नाही.

इथं मी आमच्याच गोटातल्या काही जणांशी भांडते. ‘मुलं खेळू द्या, वाचन आपोआप येईल’ असं म्हणणारे न्यूझीलंडचं उदाहरण देतात. सेबॅस्टियन सुगेट यांनी तिथं पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला शिकलेल्या मुलांची तुलना केली, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनात फरक राहिला नव्हता. हे खरं आहे, आणि लवकर सुरुवात करून काही खास मिळत नाही हे त्यातून दिसतं. पण ज्या घरात गोष्टीची पुस्तकं नाहीत, मोठी माणसं दमून रात्री नऊला येतात, तिथलं मूल सातव्या वर्षी ‘आपोआप’ कुठून वाचेल? त्याला बालवाडीतच रोज गोष्ट वाचून दाखवावी लागते, पुस्तकावर बोट फिरवत. शेवटच्या वर्षी, म्हणजे पाच ते सहा वयात, आवाजांचे खेळ मुद्दाम घ्यावे लागतात: ‘क’नं सुरू होणाऱ्या वस्तू शोधा, ‘कमळ’ शब्दाचे तुकडे पाडत टाळ्या वाजवा, शेवटच्या आवाजावरून पुढचा शब्द सांगा. त्याच वर्षी अक्षरांची ओळखही व्हायला हवी, मुलांच्या स्वतःच्या नावांपासून. सीनियर केजी संपेपर्यंत अक्षराचं नावच नाही, अशी शाळा असेल तर मीही नाराज होईन. तुमचा मुलगा ज्युनियरला आहे, म्हणजे अजून हातात वेळ आहे.

तर आता तासभर बसायला जा. ताईंची वेळ घेऊन जा, आणि स्नेहसंमेलनाच्या तयारीचे दिवस टाळा. सगळ्यात आधी भिंती बघा. वीसच्या वीस मुलांची कमळं सारखीच असतील, तर ती ताईनं कापलीत आणि मुलांनी फक्त चिकटवलीत. सामान मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर आहे की काचेच्या कपाटात कुलपात? खुर्च्या-बाकं हलतात का? मग कान द्या. एकटी ताईच बोलतेय आणि मुलं एका सुरात ‘होऽऽ’ म्हणताहेत, का मुलं एकमेकांशी आणि ताईशी पूर्ण वाक्यांत बोलताहेत? ताई विचारते ते ‘हा कोणता रंग?’ एवढंच, की ‘तुझा पूल का पडला असेल?’ असंही? इंग्रजी माध्यम असेल तर हे जास्तच बघा. घरची भाषा बंद केली की चार वर्षांचं बडबडं मूल शाळेत मुकं होतं, आणि ‘शांत स्वभावाचा आहे’ असा शेरा मिळतो. इंग्रजी गाणी, गोष्टी खुशाल असोत, पण पडल्यावर रडत सांगायची भाषा त्याची स्वतःची असू दे.

निघताना ताईंना एकच विचारा: ‘गेल्या आठवड्यात माझा मुलगा कशात रमला होता?’ ज्या ताईनं पाहिलंय ती लगेच सांगेल, ‘तो पाण्याच्या टबाशीच होता, गाळणीतून पाणी का राहत नाही हे बघत होता, म्हणून उद्या मी फडकं आणि स्पंज ठेवणार आहे.’ ‘मस्त आहे हो, हुशार आहे, थोडा मस्तीखोर’ एवढंच उत्तर आलं तर तिथं खेळ आहे पण खेळाकडे बघणारं कुणी नाही. एका ताईकडे चाळीस मुलं असतील तर दोष ताईचा नसतो हेही लक्षात घ्या. तरी निर्णय तुम्हाला तुमच्या मुलासाठी घ्यायचाय, आणि अशा वेळी शाळा बदलायला माझी हरकत नाही. फक्त ती वह्यांच्या शाळेत बदलू नका.

पहिलीच्या प्रवेशाची धास्ती सोडा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातल्या कलम १३ नं प्रवेशासाठी मुलाची परीक्षा आणि पालकांची मुलाखत दोन्ही बंद केलीत. कुणी ‘इंटरॅक्शन’ असं गोंडस नाव देऊन घेत असेल तर ती चाचणीच आहे. पहिलीला वय सहा पूर्ण लागतं, तेही घाईनं ढकलू नका. डिसेंबरात जेमतेम सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला एक वर्ष जास्त बालवाडीत ठेवायला आईवडील का लाजतात, मला कळत नाही.

घरी वेगळी शिकवणी नको. रात्री एक गोष्ट, तीच ती मागितली तरी तीच. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा त्याला. भाजी निवडायला बसवा, वेळ दुप्पट लागेल. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात निदान तीन तास हालचालीत घालवावे आणि बसून स्क्रीन बघणं एक तासाच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय. फ्लॅटमध्ये तीन तास उड्या मारणं खालच्या मजल्याला परवडत नाही हे मान्य, म्हणून बालवाडीला मैदान किंवा अंगण आहे का हा प्रश्न मी फीच्या आधी विचारते.

एक गोष्ट मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडू नका. चार वर्षांचा झाला तरी वाक्यं जुळत नसतील, घरच्यांखेरीज कुणाला बोलणं कळत नसेल, हाक मारली की वळून बघत नसेल, खोटंखोटं काही खेळतच नसेल, नुसती चाकं फिरवत किंवा वस्तू रांगेत लावत तासन्‌तास एकटाच बसत असेल, किंवा आधी येणारी एखादी गोष्ट विसरला असेल, तर आधी कानांची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञ. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तारीख सेविकेला विचारा, त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि घरी दिसलेलं डॉक्टरांना सांगा, कारण पथकाला एकेका मुलामागे फार वेळ मिळत नाही. पुढची गरज लागली तर ते जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. खासगी बालवाडीत ही सोय बहुधा नसते, तेव्हा तिथं हे बघणं तुमच्याकडेच आलं.